माशांच्या दोन फुटी टाकीला सीओटू डिफ्युझर कोणता लावावा? (पाणी बोअरचं, गाव नागपूर)

रेशीमबाग_टाकी | १४ एप्रिल, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. चार दिवसांपासून डोक्यात हेच चालू आहे, म्हणून धागाच काढून राहिलो.

टाकी २४ बाय १२ बाय १५ इंचांची. माती-दगड सोडून पाणी ६० लिटरच्या आसपास. घर रेशीमबागेत, पाणी बोअरचं. झाडं म्हणजे मागे रोटाला आणि लुडविजिया, पुढे मोंटे कार्लो, लाकडावर जावा फर्न न अनुबियास. मासे म्हणजे १२ एम्बर टेट्रा आणि ६ कोरी. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा, नळ्यांनी जोडलेला) आहे, लाइट रोज आठ तास.

झाडांना सीओटू (कार्बन डायऑक्साइड) देतो, तो घरगुती आहे. कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्या, एकीत लिंबूसत्त्व, दुसरीत खायचा सोडा, वर व्हॉल्व्हवालं झाकण. आधी नळीला साधा एअर स्टोन लावला होता. वाटाण्याएवढे बुडबुडे निघायचे, सरळ वर जाऊन फुटायचे. ड्रॉप चेकर (सीओटू पुरेसा आहे का ते रंगाने दाखवणारं छोटं भांडं) निळाच्या निळा. मग बर्डीच्या बाजारातून काचेचा, सिरॅमिक चकतीचा डिफ्युझर (गॅसचे बारीक बुडबुडे करणारा) आणला. त्यातून छान धुकं निघतं, पण चेकर तरी निळाच. सेकंदाला एक बुडबुडा होता, दोन केले, मग तीन. शेवटी रविवारी दुपारी चेकर हिरवा झाला. सगळ्यांना दाखवत फिरलो. संध्याकाळी सहाला पाहतो तं सगळे टेट्रा वर येऊन पाण्याला तोंड लावून उभे. गॅस बंद केला, एअर पंप लावला, तरी तीन गेले. ते बाराही मासे माझ्या मुलीने दुकानात एकेक बोट दाखवून निवडले होते. तिला काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

सगळीकडे वाचलं की हिरवा म्हणजे बरोबर. मग मासे काहून गेले? डिफ्युझर चुकीचा आहे का? फिल्टरच्या नळीवर बसतो तो इनलाइन घेऊ का?

मुळा_मुठा | १४ एप्रिल, रात्री ११:०५

वाईट वाटलं वाचून. माझं मत, सरळ इनलाइन घ्या. कॅनिस्टर आहेच तुमच्याकडे. मी मागच्या वर्षी काचेचा काढून इनलाइन बसवला, टाकीत आता काहीच दिसत नाही आणि झाडं जोरात आहेत. ६० लिटरला सेकंदाला तीन बुडबुडे हे काही फार नाही, माझ्याकडे तेवढेच असतात आणि आजवर एकही मासा गेलेला नाही. तुमची चकती खराब निघाली असणार.

मत्स्यगंधा | १५ एप्रिल, सकाळी ७:१०

दादा, एवढ्यात काही विकत घेऊ नका. आधी दोन गोष्टी सांगा. ड्रॉप चेकरमध्ये तुम्ही कोणतं पाणी भरलंय? आणि टाकीच्या पाण्याचा केएच (पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप) किती आहे? टेस्ट नसेल तर आजच आणा, डिफ्युझरपेक्षा ती आधी हवी.

रेशीमबाग_टाकी | १५ एप्रिल, रात्री ८:४५

ताई, चेकरमध्ये टाकीचंच पाणी आणि त्यात निळ्या औषधाचे तीन थेंब. सोबतच्या कागदावर तसंच लिहिलं होतं.

केएच आज मोजला. एकेक थेंब टाकत गेलो, रंग बदलतच नव्हता. चौदाव्या थेंबाला बदलला. म्हणजे १४ न?

मत्स्यगंधा | १५ एप्रिल, रात्री १०:३०

हो, १४. आणि तुमचे मासे का गेले त्याचं उत्तर त्या चौदा थेंबांतच आहे.

चेकर थेट सीओटू मोजत नाही. त्यातलं औषध म्हणजे ब्रोमोथायमॉल ब्लू, ते फक्त पीएच दाखवतं. पीएच ७.६ च्या वर निळं, ६ च्या खाली पिवळं, आणि आपण ज्याला सुंदर हिरवा म्हणतो तो साधारण ६.६ ला. आता पीएच, केएच आणि सीओटू हे तिघं एकमेकांना बांधलेले असतात. ढोबळ सूत्र असं: सीओटू = ३ × केएच × १० चा (७ वजा पीएच) घात. केएच ४ असेल तर ६.६ ला सीओटू येतो ३० मिलिग्रॅम प्रति लिटर. झाडांना भरपूर आणि बहुतेक माशांना झेपेल असा. म्हणूनच "हिरवा म्हणजे बरोबर" असं सगळे म्हणतात. पण त्यात "चेकरमधलं पाणी ४ केएचचं असेल तर" हे गृहीत धरलेलं असतं.

तुमच्या चेकरमध्ये १४ चं पाणी होतं. तेच सूत्र लावा: ३ × १४ × २.५, म्हणजे १०५. हिरवा रंग दिसला त्या वेळी टाकीत सीओटू शंभराच्या वर होता. चेकर निळा होता तेव्हासुद्धा तुमच्या झाडांना पुरेसा मिळत असणार. तुमच्या पाण्यात ३० हवा असेल तर पीएच ७.१५ च्या आसपास राहील, आणि त्या पीएचला तुमचा चेकर निळसरच दिसणार.

दुसरं असं की चेकरमधल्या आणि टाकीतल्या पाण्यामध्ये हवेची फट असते. गॅसला ती ओलांडून आत मुरायला दीड-दोन तास लागतात. तुम्ही बघता तो रंग दोन तासांपूर्वीचा असतो. दुपारी हिरवा झाला तेव्हा खरं पाणी त्याच्या पुढे गेलेलं होतं.

हा तुमचा हलगर्जीपणा नाही. कागदावर चुकीचं छापलेलं होतं. मुलीला खरं काय ते सांगा. पाणी मोजायची पद्धत चुकली होती, आता बरोबर मोजतोय, असं सांगितलं की मुलांना कळतं.

४ केएचचं पाणी घरी होतं. इनव्हर्टरच्या बॅटरीत वरून घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या (ॲसिड नव्हे, साधं पाणी). एक लिटरमध्ये १.२ ग्रॅम खायचा सोडा विरघळवा, हे झालं ४० केएच. यातलं एक माप आणि साधं डिस्टिल्ड नऊ मापं मिसळा, की ४ केएच तयार. सोनाराच्या काट्यासारखा छोटा वजनकाटा लागेल, चमच्याने मोजू नका.

मुळा_मुठा | १६ एप्रिल, सकाळी ९:२०

मत्स्यगंधाताई, धन्यवाद. मी सल्ला देताना घाई केली. माझ्या नळाच्या पाण्याचा केएच ३ आहे आणि मीही चेकरमध्ये टाकीचंच पाणी घालत आलोय. म्हणजे माझा हिरवा २२-२३ चा. मासे वाचले ते पाणी मऊ होतं म्हणून. आजच बदलतो.

रेशीमबाग_टाकी | १६ एप्रिल, रात्री ९:१५

ताई, तुमची पोस्ट तीनदा वाचली. चेकरचं पाणी बदललं, सेकंदाला एक बुडबुड्यावर आणलं. आज लाइट लागल्यावर तीन तासांनी गडद हिरवा आहे. मासे खाली, शांत.

आता मूळ प्रश्न. डिफ्युझर हाच ठेवू का? प्रकार इतके आहेत की समजत नाही.

मत्स्यगंधा | १७ एप्रिल, दुपारी ३:४०

आता या प्रश्नाला अर्थ आहे. सविस्तर लिहिते, कारण यावर दुकानात फार कमी सांगतात.

गॅस पाण्यात विरघळतो तो बुडबुड्याच्या पृष्ठभागातून. बुडबुडा जितका बारीक आणि जितका जास्त वेळ पाण्यात, तितकं विरघळणं जास्त. तुमच्या एअर स्टोनचा वाटाणा दीड सेकंदात वर पोचत होता, त्यातला बहुतेक गॅस घरच्या हवेत गेला. चकतीतून निघणारं धुकं पाण्याच्या प्रवाहाबरोबर टाकीभर फिरतं, झाडांच्या पानांखाली अडकतं, तिथेच विरघळतं. सगळ्या डिफ्युझरांचं काम एवढंच आहे. फरक पडतो तो त्यांना मागून किती दाब लागतो याने.

यीस्ट-साखरेच्या बाटलीला दाब फार कमी असतो. तिला बारीक सिरॅमिक चकती लावली तर गॅस चकतीतून न जाता नळीच्या सांध्यांतून निघून जातो. तिथे शिडीवाला डिफ्युझर चांगला, ज्यात बुडबुडा नागमोडी वाटेने हळूहळू चढत जातो आणि चढता चढता लहान होतो. दिसायला जरा अवजड, पण त्याला छिद्रंच नाहीत, त्यामुळे तुंबतही नाही.

तुमच्या लिंबूसत्त्व-सोड्याच्या बाटलीला १ ते २ बार दाब सहज मिळतो. काचेची सिरॅमिक चकती त्यावर उत्तम चालते. म्हणजे तुमच्याकडे आहे तोच डिफ्युझर बरोबर आहे. इनलाइनला बहुधा २ बारच्या वर लागतं, बाटलीवर तो एक दिवस फेस काढतो, एक दिवस गप्प बसतो. सिलिंडर आणि चांगला रेग्युलेटर आला की मग इनलाइनचा विचार करा. तो घेतलात तर फिल्टरमधून पाणी बाहेर येतं त्या नळीवर लावा, आत जातं त्या बाजूला नाही. नाहीतर गॅस फिल्टरमध्ये साचतो आणि पंप घरघर करतो.

काहीजणांना टाकीतलं धुकं आवडत नाही, पाणी सोड्यासारखं दिसतं म्हणून. त्यांच्यासाठी रिअॅक्टर असतो, नळीवर बसवलेलं उभं नळकांडं, ज्यात गॅस पूर्ण विरघळूनच पाणी बाहेर येतं. पण तो फिल्टरचा प्रवाह कमी करतो. दोन फुटी टाकीला मी सुचवणार नाही.

जागेबद्दल. चकती शक्य तितकी खाली, वाळूपासून दोन बोटं वर, आणि फिल्टरच्या पाण्याचा झोत धुक्याला खाली दाबेल अशी. हे एकदा उभं राहून बघाच. झोताची नळी किंचित वळवली की जे धुकं सरळ रेषेत वर जात होतं ते अचानक आडवं पसरतं आणि मोंटे कार्लोच्या पानापानावर बारीक मणी बसतात. डिफ्युझर बदलण्याआधी ही नळी वळवून बघावी.

नळी सिलिकॉनची असेल तर बदला. सिलिकॉनमधून सीओटू झिरपून जातो. पीयूची (पॉलियुरेथेनची) कडक नळी घ्या. ती काचेवर चढवताना टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करा आणि डिफ्युझरला मानेजवळ धरा, चकतीच्या वाटीला धरून ढकलू नका. माझे दोन याच क्षणी तुटलेत, एकदा तर तळहाताला टाके पडले.

आणि चेक व्हॉल्व्ह आहे का? नसेल तर आजच लावा. बाटलीतला गॅस संपला, दाब उतरला की टाकीचं पाणी नळीतून उलटं बाटलीकडे ओढलं जातं.

हिंगणा_रोड | १७ एप्रिल, रात्री ११:५०

ताईंनी सगळं सांगितलंच. मी एमआयडीसीत गॅस सिलिंडरच्याच कामात आहे, म्हणून सिलिंडरचं मी लिहितो. पुढे हे भाऊ तिकडेच येतील.

तुमच्या बाटल्यांत २०० ग्रॅम लिंबूसत्त्व आणि २०० ग्रॅम सोडा घातला तर एकूण १०० ग्रॅमच्या आसपास गॅस मिळतो. दोन किलोच्या सिलिंडरमध्ये त्याच्या वीसपट. खर्च एकदाच, मग नुसतं भरून आणायचं.

पण नागपूरचं ऊन लक्षात घ्या राजेहो. सीओटू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. २० अंशाला आत ५७ बार, ३० अंशाला ७२ बार. ३१ अंशांच्या वर गेलं की द्रव असा राहतच नाही, आणि मग दाब किती चढेल ते सिलिंडर किती भरलाय त्यावर. आपल्याकडे मे महिन्यात बाल्कनीत ४५ च्या वर असते. जास्त भरलेला सिलिंडर उन्हात ठेवला तर सेफ्टी डिस्क फुटून सगळा गॅस एका झटक्यात बाहेर येते. म्हणून "काठोकाठ भरून द्या" असं कधीच म्हणू नका. भरताना वजन करूनच भरायचं. सिलिंडरच्या खांद्यावर टेस्टची तारीख कोरलेली असते, ती पाहूनच विकत घ्या. कोणाचा जुना आग विझवायचा सिलिंडर स्वस्तात मिळून राहिला म्हणून तसाच आणू नका.

घरात उभाच ठेवा, भिंतीला पट्ट्याने बांधून. आडवा केला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरते. बंद बेडरूममध्ये नको, हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचते आणि वास येत नाही.

मीटरबद्दल एक. थंडीत गॅस निम्मा संपला तरी काटा तिथेच दिसते, कारण द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तेवढाच. किती उरला हे पाहायचं तं वजन करा.

सोलेनॉइड (विजेवर उघडणारा गॅसचा व्हॉल्व्ह) घ्याच. लाइट लागायच्या दीड तास आधी सुरू, लाइट बंद व्हायच्या एक तास आधी बंद. रात्री झाडंसुद्धा सीओटूच सोडतात. आणि लाइन गेली की सोलेनॉइड आपोआप बंद होते. तुमच्या साध्या बाटलीला लाइन गेल्याचं कळत नाही. फिल्टर थांबला, पाणी हललं नाही, आणि बाटली गॅस सोडतच राहिली, असं उन्हाळ्यात दुपारी होऊ शकते.

अंबाझरी_काठ | १८ एप्रिल, सकाळी ६:३०

सगळं पटतं, तरी एक वेगळं मत मांडतो. मी सीओटू बंद करून तीन वर्षं झाली.

बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला यांच्यासारख्या झाडांना त्यातूनच कार्बन घेता येतो. म्हणून त्या आपल्या कडक पाण्यात, गॅसशिवाय, झुडपासारख्या वाढतात. जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरायन यांची वाढच मंद, त्यांना घाई नसते. रोटाला आणि मोंटे कार्लोला मात्र विरघळलेला सीओटूच लागतो, आणि नुसत्या हवेतून पाण्यात उतरतो तो लिटरला एक मिलिग्रॅमही नाही.

म्हणजे प्रश्न असा की तुम्हाला लाल रोटाला आणि मोंटे कार्लोचा गालिचा हवाच आहे का? हवा असेल तर वरचे सगळे सल्ले सोन्यासारखे आहेत. नको असेल तर डिफ्युझरच्या पैशात व्हॅलिसनेरिया घ्या आणि निवांत बसा.

रेशीमबाग_टाकी | १८ एप्रिल, रात्री ९:००

दादा, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. पण मुलीला तो गालिचाच पाहिजे. जपानचे टाकी-सजावटकार तकाशी अमानो यांच्या टाक्यांचे फोटो पाहून आम्ही दोघांनी हे सुरू केलं होतं. तेव्हा सीओटू राहील, पण नीट शिकून. चेक व्हॉल्व्ह आज बसवला.

रेशीमबाग_टाकी | २६ मे, रात्री १०:४०

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला, म्हणून धागा वर आणतो. काल खोलीत कूलर चालू असूनही टाकीचं पाणी ३२ अंशांवर गेलं. बुडबुडे तेवढेच, सेकंदाला एक, तरी कोरी वर येऊन हवा घेत आहेत आणि रोटालाची खालची पानं गळून राहिली. चकतीतून धुकंही कमी झालंय, एकाच बाजूने मोठे बुडबुडे निघतात. फोटो टाकतोय, चकती हिरवी न पांढुरकी झाली आहे.

मत्स्यगंधा | २७ मे, सकाळी ८:१५

दोन वेगळ्या गोष्टी एकदम झाल्यात.

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशाला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, ३२ ला साधारण सव्वासात. त्यातच माशांचा श्वास वाढलेला. तोच सीओटू आता त्यांना जड जातो. जून उजाडेपर्यंत बुडबुडे अर्ध्यावर आणा, लाइट सहा तास करा आणि रात्री एअर पंप चालू ठेवा. टाकीचं झाकण काढून एक छोटा पंखा पाण्यावर तिरका लावा. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते की बाष्पीभवनानेच पाणी दोन-तीन अंश उतरतं. पावसाळा लागला की हा उपाय चालत नाही, पण तेव्हा गरजही कमी होते. पाणी रोज आटेल, ते बोअरच्या पाण्याने भरू नका, आरओचं घाला. वाफ शुद्ध पाण्याची होते, क्षार मागेच राहतात, आणि बोअरचं घालत गेलात तर केएच १४ चा महिन्याभरात १८ होईल.

आता चकती. हिरवं आहे ते शेवाळ, पांढरं आहे तो क्षार. कूलरच्या टाकीला जो थर चढतो तोच तुमच्या चकतीच्या छिद्रांत बसलाय. ब्रशने घासू नका, थर अजून आत जातो. चकती काढून एक भाग ब्लीच, चार भाग पाणी, यात दोन तास बुडवा. स्वच्छ धुवा. मग क्लोरीन काढायचं औषध घातलेल्या पाण्यात रात्रभर. दुसऱ्या दिवशी, धुतल्यानंतरच, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दोन तास, क्षारासाठी. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीच येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. हे सगळं खिडकीजवळ करा आणि मुलीला दूर ठेवा.

परत लावण्याआधी चकती साध्या पाण्यात तासभर भिजवा. कोरड्या चकतीतून एका बाजूनेच बुडबुडे निघतात. कडक पाण्यात हे दर तीन-चार आठवड्यांनी करावं लागतं. मी दोन डिफ्युझर ठेवते, एक टाकीत, एक धुऊन तयार. धुवायला काढला म्हणून गॅस दोन दिवस बंद राहिला की सीओटू खालीवर होतो, आणि पानांच्या कडेला काळं झुपकेदार शेवाळ दिसायला लागतं.

हिंगणा_रोड | २७ मे, रात्री ८:२०

भाऊ, बाटल्याही कूलरच्या वाऱ्यात ठेवा, खिडकीत नको. आणि बाटली कोल्ड्रिंकचीच वापरा, पाण्याची पातळ बाटली किंवा काचेची अजिबात नाही.

रेशीमबाग_टाकी | ४ जून, रात्री ९:३०

अपडेट देतो. पंखा लावल्यावर पाणी २९ वर आलं. बुडबुडे दोन सेकंदाला एक. कोरी परत खाली वाळूत तोंड घालून फिरून राहिल्या.

चकती ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन दिवस धुतली. व्हिनेगरमध्ये टाकल्यावर तिच्यावरून बारीक फेस निघत होता, क्षारच तो. परत लावली तेव्हा सुरुवातीला काहीच नाही. वीस मिनिटांनी मधोमध एक ठिपका, मग कडेने, मग एकदम पूर्ण चकतीवरून दुधासारखं धुकं. मुलगी जेवण सोडून टाकीसमोर बसली होती. झोताची नळी तिने स्वतः वळवली, दोन बोटं डावीकडे, आणि धुकं मोंटे कार्लोवर आडवं पसरलं. आज दुपारी चार वाजता रोटालाच्या शेंड्यावरून ऑक्सिजनच्या मण्यांची माळ वर जाताना पाहिली, पहिल्यांदाच.

टेट्रा नऊ आहेत. नवीन पावसाळ्यानंतरच आणायचे असं दोघांनी ठरवलं.

रोटालाची छाटणी केली आहे, वीस-पंचवीस कटिंग्ज आहेत. नागपुरात कोणाला पाहिजे असतील तं निरोप करा, ओल्या कागदात गुंडाळून देतो. आपल्या पाण्याचा केएच मोजून मगच लावा.

अंबाझरी_काठ | ५ जून, सकाळी ६:१०

पाच माझ्यासाठी ठेवा. बदल्यात व्हॅलिसनेरिया आणतो, मागच्या कोपऱ्यात लावून बघा. आणि केएचची टेस्ट माझ्याकडची संपली आहे, येताना तुमच्याकडे मोजून घेतो, पाणी बाटलीत आणतो.